दोन आठवड्यांचं मिशन, १ लाख ८० हजार आणि नवऱ्याचा एक प्रश्न

या वेळचं पत्र पुण्यातल्या एका सिस्टरचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. वय ३३, बीएस्सी नर्सिंग, माहेर लातूरकडचं, शिक्षण झाल्यापासून पुण्यातच एका खाजगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. नवरा चाकणला कंपनीत, त्यालाही शिफ्ट. मुलगी दुसरीत, सासू-सासरे सोबत. ओळखीच्या एका डॉक्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्व आफ्रिकेतल्या दोन आठवड्यांच्या मेडिकल मिशनची माहिती पाठवली. तिकीट, राहणं आणि 'मिशन फी' मिळून १ लाख ८० हजार स्वतःचे घालायचे, त्यातले ४० हजार आठ दिवसांत. हॉस्पिटल एवढी रजा देत नाही, राजीनामाच द्यावा लागेल. नवरा म्हणतो, सेवाच करायची तर इथे काय कमी आहे का. सासूबाई गप्प आहेत. सासरे मात्र म्हणाले, जाऊ दे तिला, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस गेलेच होते की चीनला. पत्राचा शेवट असा: "इथे मी नुसती ड्युटी करते, तिथे खरी सेवा होईल असं वाटतं. ताई, मी स्वार्थी आहे का?"

प्रिय सिस्टर,

एकेरीत लिहितेय, चालेल ना. निम्मं आयुष्य नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेलंय, मला तुम्हा लोकांशी अहो-जाहो जमत नाही.

आधी घाईचं सांगते. ते ४० हजार आठ दिवसांत भरू नकोस. ते लोक फसवे आहेत असं मी म्हणत नाहीये, तू मेसेजमधलं जे काही लिहिलंयस त्यावरून कुणालाच काही ठरवता येणार नाही, त्यात संस्थेचा पत्ता नाही, तिथल्या हॉस्पिटलचं नाव नाही, फी कशाची ते नाही, फक्त हसणाऱ्या मुलांचे फोटो आणि 'लिमिटेड सीट्स'. अगं, पेशंटला रक्त लावायच्या आधी आपण दोघीजणी उभ्या राहून बॅगचा नंबर, ग्रुप, एक्सपायरी मोठ्याने वाचतो, आणि स्वतःचे नाइट ड्युट्या करून साठवलेले पैसे एका फॉरवर्डवर सोडायचे?

पैसे मागतात म्हणजे फ्रॉडच, असंही समजू नकोस. मर्सी शिप्स म्हणून संस्था आहे, १९७८ पासूनची, जहाजावर अख्खं हॉस्पिटल, ते जहाज आफ्रिकेतल्या एखाद्या बंदरात महिनोन्‌महिने उभं असतं आणि तिथे काम करायला जाणाऱ्या नर्सेस तिकिटासारखा खर्च स्वतःच्या खिशातून करतात. (ख्रिश्चन श्रद्धेतून चाललेली संस्था आहे, पेशंट कुठल्याही धर्माचा चालतो, पण जाणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं बरं.) याच्या उलट एमएसएफ, म्हणजे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स', १९७१ मध्ये पॅरिसला सुरू झालेली, १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालेली. त्यांच्याकडे बाहेरून जाणाऱ्या नर्सला पगार असतो, फार नाही, पण असतो, आणि तिकीट, राहणं, विमा त्यांचा. यूएन व्हॉलंटियर्समध्ये महिन्याचा भत्ता मिळतो. म्हणजे पैसे घेणारे, देणारे, दोन्ही प्रकार खरे आहेत. बघायचं एवढंच की घेतलेला रुपया कुठे जातो ते कागदावर सांगायला समोरचा तयार आहे का.

तेव्हा त्या डॉक्टरांना नको, थेट संस्थेला मेल कर आणि साधे प्रश्न विचार. तुम्हाला तिथल्या कुठल्या हॉस्पिटलने बोलावलंय, त्यांचं पत्र दाखवा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन कोण काढणार. व्हिसा कुठला, कारण टूरिस्ट व्हिसावर जाऊन वॉर्डात काम करायला सांगत असतील तर विषय तिथेच संपव. सुई टोचली तर पीईपी, म्हणजे संसर्ग टाळायची औषधं, कुठे मिळणार. हे तर पाठच असेल तुला, एचआयव्हीसाठी ती औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात आणि जितक्या लवकर तितकं बरं, आणि जिल्ह्याच्या गावाहून दोन दिवसांच्या रस्त्यावर असशील तर त्या ७२ तासांचा हिशोब वेगळा होतो. विम्यात तुला उचलून मोठ्या शहरात आणायचा खर्च धरलाय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही परत आल्यावर त्या पेशंटांना कोण बघणार, त्या माणसाचं किंवा बाईचं नाव आणि पद काय. या शेवटच्या प्रश्नाला 'लोकल टीम असते मॅडम' एवढंच उत्तर आलं तर समजून जा. आणि कुणी 'आधी मिशन करा, मग तिथेच जॉब लावून देतो' असं गाजर दाखवायला लागला तर तो सरळ भरतीचा मामला झाला, परदेशात भरती करणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, तिथे नाव टाकून बघता येतं.

आता तुझ्या नवऱ्याचं वाक्य. 'इथे काय कमी आहे का.' हे वाक्य मी एवढ्या घरांत ऐकलंय की आता त्याचं काही वाटत नाही, पण त्यात नेमकं काय दडलंय ते बघितलं पाहिजे. एक प्रयोग कर. त्याला म्हण, बरोबर आहे तुझं, आफ्रिका राहू दे, मी सहा महिने मेळघाटात जाते. किंवा धडगावला, किंवा भामरागडला. बघ काय म्हणतो. मला वाटतं तेव्हाही 'नाही' असंच येईल, कारण त्याची अडचण आफ्रिका नाहीये, सकाळी मुलीची वेणी कोण घालणार आणि त्याची फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा तिला व्हॅनपर्यंत कोण सोडणार ही आहे. ती खरी अडचण आहे, तिच्यावर हसायचं काही कारण नाही, पण मग तिच्यावरच बोला ना, मध्ये भारतातल्या गरिबीला कशाला ओढायचं. आणि त्याला खरंच 'इथे' म्हणायचं असेल, मेळघाटाला तो हो म्हणाला, तर उलट तुझी पंचाईत आहे, मग तुला सांगावं लागेल की तुला परदेशच का हवाय.

आणि त्याचं उत्तर 'मला विमानात बसायचंय, दुसरा देश बघायचाय, एकदा तरी माझं स्वतःचं काहीतरी करायचंय' असं असेल तर तेही सांग. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? इंजिनियर पोरगा ऑनसाइट गेला की सोसायटीत पेढे वाटतात, नर्स जाते म्हणाली की लगेच सेवा की स्वार्थ अशी चौकशी सुरू. स्वार्थी आहेस का विचारतेस, तर थोडी आहेस, आणि असायलाच पाहिजेस. नुसत्या त्यागावर गेलेली माणसं तिथे तिसऱ्या आठवड्यात चिडचिड करायला लागतात, हे मी परत आलेल्या मुलींकडून ऐकलंय.

माझं खरं भांडण आहे ते तुझ्या 'इथे नुसती ड्युटी, तिथे खरी सेवा' या वाक्याशी. तू पत्रात सहज जाता जाता लिहून गेलीस की नाइटला दोघीत मिळून बारा बाळं असतात, दोन व्हेंटिलेटरवर, आणि सकाळी हँडओव्हर देताना पाय सुजलेले असतात. बाळ घरी जाताना पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात. हे वाचून मला असं वाटलं की तुला सेवेची कमतरता नाहीये, तुला दमायला झालंय आणि कुणी बघत नाहीये. आता ही दमणूक घेऊन जिथे माणसं आणखी कमी, लाइट जाणारी, औषध संपणारं अशा ठिकाणी जायचं म्हणजे काय होईल ते तूच सांग. तिथेही ड्युटीच असते गं. रोस्टर असतं, इन्चार्ज असते, भांडणं असतात, स्टोअरची चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला असतो. तेव्हा आधी मिळेल तेवढी रजा काढून माहेरी जा, झोप काढ, आणि झोप झाल्यावरही जावंसं वाटलं तर ते खरं. दमून सोडायची असेल ती नोकरी वेगळ्या कारणाने सोड, मिशनच्या नावाखाली नको.

समजा झोप झाली आणि तरीही जायचंय. मग दोन आठवड्यांचं काय?

दरवर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत जागोजागी मेडिकल कॅम्प लागतात, मीही जाऊन बसते. एकदा एक आजी आल्या, परभणीकडच्या, तळपायाला फोड फुटलेला, त्यात माती. ड्रेसिंग करता करता सहज शुगर केली तर ३४०. कॅम्पमधल्या नवीन डॉक्टर मुलाला जोर आला, आजी ही गोळी सुरू करा. कॅम्पकडे गोळ्या होत्या तीन दिवसांच्या. दुसऱ्या दिवशी पालखी हडपसर, दिवे घाट करत सासवडला जाणार, आजी तिच्याबरोबर. म्हणजे तीन दिवस गोळी, अर्धपोटी चालणं, आणि चौथ्या दिवशी काय? आणि दिंडीत चालताना शुगर एकदम उतरली तर? तिथल्या जुन्या सिस्टरने शांतपणे त्या मुलाला बाजूला घेतलं, आजींना गोळी दिली नाही, फोड नीट बांधला, सुती मोजे दिले, आणि एका चिठ्ठीवर आकडा, तारीख लिहून दिंडीतल्या आजींच्या भाचीच्या हातात दिली, म्हणाली पुढच्या मुक्कामाला सरकारी कॅम्पात दाखव आणि गावी गेल्यावर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, दाखव. त्या सगळ्या कॅम्पात सगळ्यात शहाणं काम मला ते वाटलं.

दोन आठवड्यांच्या मिशनचं असंच आहे. जे काम तिथल्या तिथे सुरू होऊन बऱ्यापैकी तिथेच संपतं त्याला दोन आठवडे पुरतात. दुभंगलेल्या ओठांची ऑपरेशनं घे, ऑपरेशन स्माइलसारख्या संस्था १९८२ पासून ते करतायत, ठरावीक दिवसांत ठरावीक मुलं, आणि तरी टाके, दूध पाजणं, पुढे बोलायला शिकवणं हे मागे राहिलेल्यांनाच करावं लागतं. पण तू एनआयसीयूची. तुझ्या कामाचा वेळ तुला माहीत आहे. कमी दिवसांचं बाळ आधी वजन घटवतं आणि जन्माच्या वजनावर परत यायलाच त्याला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणजे तू पोचल्या दिवशी जन्मलेलं १२०० ग्रॅमचं बाळ पहिल्यांदा दहा-पंधरा ग्रॅम वर चढेल त्या दिवशी तू एअरपोर्टवर असशील. त्यातले पहिले तीन-चार दिवस तर तुला सक्शन कुठे आणि कुणाला काय म्हणायचं हे कळण्यातच जाणार, आणि ते समजावायला तिथली एक सिस्टर तिच्या पेशंटमधून काढून तुझ्यामागे लावणार. दोन हात वाढले म्हणजे मदत वाढली असं गणित नसतं.

मग उपयोग कशाचा होतो? हे आपल्याच राज्यात झालेलं आहे म्हणून सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं, नवजात बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्याला इंजेक्शन कसं द्यायचं. १९९९ ला लॅन्सेटमध्ये ते छापून आलं, तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. बाहेरून कुणी भारी नर्स आणली नव्हती. त्याच गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायका, आणि त्या कुठे जाणार नव्हत्या, हेच त्यातलं मर्म. आशा ताई आज घरोघर जाऊन बाळ बघतात त्याचं मूळ यात आहे. आणि तुम्ही युनिटमध्ये आईच्या छातीवर बाळ बांधता ती कांगारू पद्धत कुठून आली? कोलंबियातल्या बोगोटाच्या एका हॉस्पिटलमधून, १९७८-७९ च्या सुमारास, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. गरीब वॉर्डात सुचलेली गोष्ट नंतर श्रीमंत देशांनी उचलली. म्हणजे तू तिकडे जाशील तेव्हा फक्त द्यायला जाणार नाहीयेस, हे डोक्यात असलं की चाल जरा बदलते.

तुझे सासरे कोटणीसांचं नाव घेतात, त्यांना माझा नमस्कार सांग, पण उदाहरण पुरतं वापरायचं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर गेले त्यात ते होते. नंतर बाकीचे परतले, हे राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये शिकवलं, नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. सासऱ्यांना विचार, सूनबाईने एवढं सगळं केलेलं चालेल का! गंमत सोड, पण भाषा शिकणं आणि शिकवायला थांबणं ही दोन कामं त्यांनी केली आणि दोन आठवड्यांत यातलं एकही होत नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर जा, पण हे मिशन नाही आणि आत्ता नाही. दीडेक वर्षाची तयारी करून, सहा महिने किंवा जास्त मुदतीच्या, पगार किंवा निदान भत्ता असलेल्या, आणि जिथे तुला तिथल्या नर्सेसबरोबर काम करायला बोलावलंय अशा कामावर जा. एमएसएफसारखे लोक शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात, तो तुझ्याकडे कितीतरी जास्त आहे. सर्जन आणि भूलतज्ज्ञांना काही आठवड्यांचं काम मिळतं, नर्सला बहुतेक वेळा महिन्यांचं. आणि एक गोष्ट मुलींना माहीत नसते, या संस्थांच्या प्रोजेक्टवर बहुतेक सगळा स्टाफ त्याच देशातला असतो, बाहेरून जाणाऱ्या नर्सकडे सुपरवायझरचं काम येतं. म्हणजे स्टॉक, रोस्टर, इन्फेक्शन कंट्रोल, ट्रेनिंग, रिपोर्ट. तुला बाळं हाताळायला आवडतात आणि एक्सेलचा कंटाळा असेल तर हे आधी कळलेलं बरं. तेव्हा इथे युनिटमध्ये इन्चार्जच्या सुट्टीत चार्ज घे, नवीन मुलींचं ओरिएंटेशन मागून घे, अर्जात ते लिहिता येतं आणि आपल्याला झेपतं का तेही समजतं.

दुसरं फ्रेंच. चाड, नायजर, काँगो, सेंट्रल आफ्रिकन रिपब्लिक, जिथे लहान मुलांचं काम प्रचंड आहे तिथे इंग्रजीवर भागत नाही. पुण्यात राहून फ्रेंच येत नाही म्हणायला तोंड नाही आपल्याला. फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, शहरात आलिआन्स फ्रान्सेज आहे. बी-वन, म्हणजे मधल्या लेव्हलपर्यंत गेलीस तर वॉर्डात निभावेल, आणि तुझा अर्ज बाकीच्या अर्जांतून वेगळा काढला जाईल.

तिसरं, हातातलं कौशल्य थोडं मागे न्यायचं. तुझा हात सिरिंज पंपावर बसलाय, एमएल पर अवर टाकलं की झालं. पंप नसेल तर? सलाइनच्या बारीक थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटला ६० थेंब म्हणजे १ एमएल, म्हणजे ताशी जितके एमएल द्यायचे तितके थेंब मिनिटाला. हे सगळ्यांना येतं परीक्षेपुरतं, पण घड्याळ हातात धरून रोलर क्लॅम्प पाव पाव फिरवत ताशी सहा एमएल म्हणजे दर दहा सेकंदांला एक थेंब लावून बघ, आणि अर्ध्या तासाने परत येऊन बघ तो तसाच राहिलाय का. बाळाने पाय हलवला की बदलतो. तसंच वाटी-चमच्याने दूध पाजणं, नळीतून दूध, मॉनिटर न बघता पूर्ण मिनिटभर श्वास मोजणं. आणि कुपोषणाची दंडघेराची पट्टी, सहा महिने ते पाच वर्षं, ११५ मिलिमीटरच्या खाली गेलं की तीव्र कुपोषण. एनआयसीयूवालीला ही पट्टी कधी हातात धरायला मिळत नाही, आणि तिथे पहिल्या दिवसापासून लागते.

हे शिकायला आपला 'इथे काय कमी आहे' वाला मुद्दा खरंच कामी येतो बघ. नवऱ्याला सांग, तुझं अर्धं ऐकलं. आठवडाभराच्या रजेत नंदुरबार किंवा जव्हार-मोखाड्याकडचं एखादं पोषण पुनर्वसन केंद्र, सर्च, हेमलकशाचा लोक बिरादरी दवाखाना, यांना आधी रीतसर लिहून विचार, कधी आलेलं चालेल आणि काय काम असेल. न विचारता जाऊन उभं राहू नकोस, त्यांनाही पाहुण्यांचा त्रास होतो. जवळच हवं असेल तर आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातली पीएचसी आहेत, वारीचे कॅम्प आहेत. याला मी 'परदेशाऐवजी' म्हणत नाहीये. घरच्यांनाही सवय होते, तुलाही कळतं की बाथरूम बाहेर असलं, रेंज नसली, तर चौथ्या दिवशी आपण कशा वागतो.

कागदपत्रांचं पटकन. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का आजच बघ, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट आणि ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, कॉलेजात खेटे घालावे लागतात. अनुभवाचं पत्र आत्ताच मागून ठेव, राजीनाम्यानंतर एचआर फोन उचलत नाही. पासपोर्टवरचं आणि मार्कशीटवरचं नाव, माहेरचं-सासरचं, एकच आहे का ते तपास, निम्म्या मुलींचं तिथेच अडकतं. हिपॅटायटिस बी चे तीन डोस झाले असतील पण अँटिबॉडी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी, कधी केलीस? करून घे. यलो फीव्हरची लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि २०१६ पासून लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड जन्मभर चालतं. ते नसेल तर जाताना नाही तर येताना अडकशील, यलो फीव्हर असलेल्या देशांतून कार्डाशिवाय परतणाऱ्याला आपल्याकडे क्वारंटाइनमध्ये ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या जायच्या आधीपासून परत आल्यानंतरपर्यंत घ्यायच्या असतात, कुठली ते डॉक्टरांना विचार.

धोक्याबद्दल घरी खोटं बोलू नकोस. 'काही नसतं हो तिथे' हे वाक्य नको. २०१४ ते १६ च्या इबोलाच्या साथीत पश्चिम आफ्रिकेत ११ हजारांवर माणसं गेली, त्यात दवाखान्यांतले कितीतरी कर्मचारी होते. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदुझच्या एमएसएफच्या हॉस्पिटलवर अमेरिकी विमानाने हल्ला केला, ४२ माणसं मेली, पेशंट आणि स्टाफ दोन्ही. प्रत्येक प्रोजेक्ट असा नसतो, आणि कुठल्या देशात जायचं त्याला नाही म्हणायची मुभा चांगल्या संस्था देतात. लहान मूल असलेल्या बाईने ती वापरावी, कुणी भित्री म्हणणार नाही. सासूबाई गप्प आहेत म्हणतेस, त्या बहुधा हेच घेऊन गप्प आहेत. त्यांना विचार तर खरं. सगळा भार शेवटी त्यांच्यावर पडणार आहे आणि तुझ्या अख्ख्या पत्रात त्यांचं मत मात्र कुठेच नाही. त्यांचे गुडघे कसे आहेत, दोन वेळचा स्वयंपाक आणि नात, सहा महिने, हे त्यांना झेपणार आहे का, स्वयंपाकाला बाई लावायची झाली तर पैसे कुठून, तुझा पगार थांबल्यावर फ्लॅटचा हप्ता एकट्या पगारात बसतो का. या चौघांच्या बैठकीला एक रविवार दे, चहा तूच कर म्हणजे कुणी मध्येच उठणार नाही.

मुलीला मात्र मधेच घेऊ नका, ठरल्यावर सांगा. सातव्या वर्षी मुलांना 'आई कधी येणार' याचं उत्तर तारखेत लागतं. म्हणून आधी चार दिवस, मग आठ, असं वाढवत न्यायचं सुचवतेय.

आता या आठवड्यात काय करायचं ते. त्या संस्थेला वरचे प्रश्न मेलवर पाठव, उत्तर लेखी आलं आणि पटलं तर पुढच्या वेळचा विचार करता येईल, नाही आलं तर ४० हजार वाचले. ज्या डॉक्टरांनी फॉरवर्ड केलं त्यांना विचार, तुम्ही स्वतः यांच्याबरोबर कधी गेलात का. राजीनामा टाइप केला असशील तर ड्राफ्टमध्येच राहू दे. आणि फ्रेंचच्या पुढच्या बॅचची चौकशी करून ये, पण फी भरायच्या आधी नवऱ्याबरोबर बसून एवढंच ठरव की आठवड्यातून तीन संध्याकाळी तू क्लासला असशील तेव्हा मुलीचा अभ्यास आणि जेवण कोण बघणार, त्याची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यासकट. ते तीन महिने नीट जमलं तर सहा महिन्यांचं बोलायला बसा.

तुझी,
ताई